बाबांना ऐकू जाणारा सायलेन्सर

दादाची मोटरसायकल घोडपदेवला आमच्या चाळीत पहिल्यांदा आली ती हातगाडीवर आडवी पडून. पुढचं चाक एका पोत्यात, दिवा आणि मीटर दुसऱ्या पोत्यात, आणि मागून दादा, हातगाडीवाल्याला "हळू रे, हळू" म्हणत, घामाने निथळत, पण चेहरा असा की जणू वरातच घेऊन आलाय. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ निलेश. तो तेव्हा कुरिअरच्या एका ऑफिसात होता आणि मी पॉलिटेक्निकला मेकॅनिकलचा डिप्लोमा करत होते. वर्गात आम्ही दोघीच मुली. गाडी साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची, आम्हा दोघा भावंडांपेक्षा वयाने मोठी, आणि कुठल्याशा गोदामात इतकी वर्षं पडून होती की तिच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. आई दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ओरडली, "हे काय उचलून आणलंस रे मेल्या? भंगारवाल्याने परत दिलं काय?" सगळा मजला हसला. दादा मान वर करून म्हणाला, "आई, तू बघत राहा. अशी गाडी अख्ख्या लालबाग-परळात नसेल."

त्याच्या डोक्यात त्या गाडीचं चित्र पक्कं होतं. मागचा मडगार्ड अर्धा कापायचा, सीट बुटकी करायची, हँडल खाली घ्यायचं, आणि धुराचा पाइप इंजिनाला बिलगून वळत मागच्या चाकाच्या अलीकडेच संपवायचा. मूळचा लांबलचक सायलेन्सर त्याला नकोच होता, आणि तोही गंजून त्याची चाळणी झालेली होती. रविवार उजाडला की चाळीच्या मधल्या पटांगणात गोणपाट अंथरून तो बसायचा. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी आपली जाऊन उभी राहिले, त्याने न बघता हात पुढे केला, मी त्यात पाना ठेवला, आणि तेव्हापासून ते काम माझंही झालं. कॉलेजात जे फळ्यावर आडव्या छेदात दिसायचं ते इथे हातात यायचं, काळं आणि जड. वरून बांगडे तळल्याचा वास यायचा, खाली पेट्रोलचा, आणि जेवायला बसले की तांदळाच्या भाकरीवर माझ्या बोटांचे ठसे उमटायचे. आई म्हणायची, "पोरगी आहेस की फिटर?" मला दोन्ही चालण्यासारखं वाटायचं.

बाबांबद्दल आधी सांगायला हवं. बाबांनी गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, उमेदीची सगळी वर्षं काढली होती. त्या खात्यात शेकडो माग एकदम खडखडायचे. तिथे माणसं बोलत नसत, ओठ हलवत आणि हातवारे करत. गिरणी बंद झाली तेव्हा बाबांचे कान तिथेच राहिले होते. अगदी बहिरे नव्हते ते, पण आमचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचायचं ते फाटून, अक्षरं गळून. मग ते सगळ्यालाच "हां हां" म्हणायचे. चिपळूणहून आलेल्या आतेभावाने विचारलं, "मामा, तब्येत कशी?" तर बाबा म्हणाले, "हां हां, मागच्या आठवड्यातच." आम्ही हसलो, बाबाही हसले, पण त्यांना कशाला हसलो ते कळलं नव्हतं. कानाचं यंत्र आणून पाहिलं होतं. त्यातून भांड्यांचे आवाज डोक्यात खिळे ठोकल्यासारखे यायचे म्हणून त्यांनी ते काढून कपाटात ठेवलं. मग आम्ही आवाज चढवला. आमच्या घरात साधं "मीठ दे" सुद्धा किंचाळून म्हटलं जायचं. शेजारपाजाऱ्यांना आमचं सगळं ऐकू जायचं, एका बाबांना सोडून. हळूहळू ते बोलणंच कमी करत गेले. संध्याकाळी विहारात जायचे, वंदना झाली की मागच्या मागे परत यायचे, आणि गॅलरीत आपल्या खुर्चीवर बसून राहायचे. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, किती शांत गृहस्थ.

तर एका रविवारी इंजिन पूर्ण जुळलं. पाइप रे रोडच्या एका वेल्डरकडून वाकवून आणला होता, पण त्याच्या टोकाला अजून सायलेन्सर नव्हता. दादाला धीर कुठला? "नुसतं एकदा चालू करून बघू," म्हणत त्याने किक मारली. चौथ्या-पाचव्या किकेला गाडी अशी फुटली की पत्र्यावरची कबुतरं उडाली, सायकली कलंडल्या, आणि तळमजल्यावर विमलताईंच्या खोलीतून तान्ह्या बाळाने टाहो फोडला. विमलताईंची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. मी कान झाकून वर पाहिलं. बाबा आमच्याकडे पाठ करून गॅलरीत तांदूळ निवडत होते. त्यांचा हात थांबला. ते वळले, उठले, कठड्यावरून वाकले आणि खाली ओरडले, "निल्या! मधेच एक ठोका चुकतोय बघ!"

खरंच चुकत होता. पण दादा आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो ते त्यासाठी नाही. बाबा कोणी हाक न मारता, कोणी खांदा न हलवता आपणहून वळले होते.

पुढचं काही बोलायच्या आत विमलताई बाहेर आल्या. बाळ कडेवर, पदर खोचलेला. "निलेश, अरे काय हे? पोर निळं पडलं रडून! उद्या तुझंच होईल तेव्हा कळेल." त्या काही भांडकुदळ बाई नव्हत्या, आमच्या घरी सुकटीची चटणी त्यांच्याकडूनच यायची, म्हणून त्यांचं बोलणं जास्त लागलं. संध्याकाळी चाळ कमिटीचे सेक्रेटरी येऊन सांगून गेले, की पुढच्या रविवारपर्यंत आवाज बंद करा, नाहीतर गाडी बाहेर रस्त्यावर लावा. रस्त्यावर लावायची म्हणजे एका रात्रीत चोरीला जाणार, हे आम्हालाही कळत होतं आणि त्यांनाही.

शुक्रवारी मी कॉलेज बुडवलं, दादाने अर्धा दिवस टाकला आणि आम्ही नळबाजाराच्या मागच्या गल्ल्यांत शिरलो, जिथे जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळायचे. नवाकोरा सायलेन्सर आमच्या आवाक्यातला नव्हता, आणि असता तरी त्या वाकड्या पाइपाला बसला नसता. पण जुने सायलेन्सर पाहावेत तर किती! दोरीला टांगलेले, भिंतीला टेकलेले, ढिगात पडलेले. लांब, आखूड, माशाच्या शेपटीचे, कर्ण्याच्या तोंडाचे. मला तिथे इतकं बरं वाटायला लागलं की आपण कशाला आलोय हे मी विसरले. सगळ्यांचं काम एकच, तर आकार इतके निराळे का? रफिकभाई नावाचा दुकानदार दादाला एक आखूड, चकचकीत, कर्ण्यासारखा दाखवत होता. "भाई, ये लगाओ. ऐसा धक-धक निकलेगा ना, सिग्नल पे सब पलट के देखेंगे."

"आवाज कम होगा क्या?" मी विचारलं.

"कम?" रफिकभाईंनी माझ्याकडे दया येऊन पाहिलं. "कम करना है तो सायकल लो ना, मॅडम."

दादा त्या कर्ण्यावरून हात फिरवत होता. मी पर्समधला पेनएवढा टॉर्च काढला आणि त्याच्या एका तोंडातून आत पाहिलं. आत काहीच नव्हतं, नुसतं नळकांडं. मग मी एकेक उचलून तेच करत सुटले. काहींत एका टोकाने पाहिलं की दुसऱ्या टोकाचा उजेड सरळ दिसायचा. काहींत टॉर्च मारला तरी अंधार, मधे भिंत. "काय दुर्बीण आहे का ती?" दादा वैतागला. शेवटी आम्ही एक भिंतवाला घेतला. जुना, जरा लांब, पण तोंड आमच्या पाइपाला बेताचं बसणारं आणि खिशालाही झेपणारा. दादाने तो चकचकीत कर्णा परत दोरीला अडकवला तेव्हा त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

शनिवारी सायलेन्सर बसला आणि आमची गाडी एकदम सभ्य झाली. हिस्स असा बारीक फुत्कार आणि त्यामागे इंजिनाची टिकटिक, बास. विमलताई दारात बाळाला थोपटत होत्या, त्यांनी मान डोलावली. सेक्रेटरींनी "शाब्बास" म्हटलं. दादा दोन दिवस गाडीवर ऑफिसला गेला, आला, आणि म्हणाला, "आवाजात दम नाही, पण चालेल गं."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. कुळथाची पिठी आणि भात होता. बाबांनी घास घेता घेता दादाकडे पाहिलं आणि विचारलं, "गाडी विकलीस काय रे?"

"नाही हो बाबा! खालीच आहे!" दादा ओरडला.

"हां हां," बाबा म्हणाले. "बरं केलंस. लोकांना त्रास होता."

दादाने परत ओरडून सांगितलं, आईने ओरडून सांगितलं, पण बाबांनी मान हलवून ताटात लक्ष घातलं. त्यांना बहुतेक वाटलं, आपल्याला बरं वाटावं म्हणून सगळे एवढं समजावतायत. मी हातातला घास ताटात परत ठेवला. दादाने रोज संध्याकाळी गाडी पटांगणात आणून बंद केली होती, आणि बाबा वर गॅलरीत त्याच वेळी, त्या आवाजाची वाट बघत बसले होते.

पण मला नुसतं वाईट वाटलं असं म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. मला प्रश्न पडला होता, आणि तो मला झोपू देईना. उघड्या पाइपाचा आवाज मोठा होता म्हणून बाबांना ऐकू आला, हे सरळ होतं. पण आईचं किंचाळणं काही लहान नव्हतं. कुकरची शिट्टी तर त्यांच्या कानाशी व्हायची. मग मी बाबांवर प्रयोग सुरू केले, त्यांना न सांगता. ते पाठमोरे असले की ताटावर चमचा वाजवायचा. काही नाही. दादाच्या मोबाइलची रिंग वाजवायची. काही नाही. विमलताईंचं बाळ रडलं तरी काही नाही. मग तांदळाच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यावर मूठ आपटली, फार जोरात नाही, धब्ब. बाबा वळून म्हणाले, "काय पडलं गं बाय?"

कॉलेजात कंपनं शिकवणारे एक सर होते, त्यांना मी हे सांगितलं. ते खुर्चीतून पुढे झाले. म्हणाले, खूप गोंगाटात काम केलेल्या माणसाच्या कानातून आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जातात. जाड, खोल आवाज शेवटपर्यंत टिकून राहतात. मग त्यांनी मलाच विचारलं, "तुमच्या सायलेन्सरने यातला कुठला आवाज खाल्ला?" मी म्हटलं, "जाड." ते म्हणाले, "मग बारीक खाणारा शोध." आज मी स्वतः कारखान्यांतला गोंगाट मोजायला जाते, तेव्हा कोणी विचारलं की या क्षेत्रात कशा आलात, तर मी काहीतरी ठरावीक उत्तर देते. खरं उत्तर या दोन वाक्यांत आहे.

दादाला मी सगळं सांगितलं तेव्हा तो पायरीवर बसून बूट काढत होता. एक बूट हातात धरून तो ऐकत राहिला. मग तोच बूट परत पायात घालून उठला. "चल, परत रफिककडे."

"आणि कमिटी?"

"कमिटी गेली उडत. तू शोध, मी बघतो."

रफिकभाईंकडे मी या वेळी सरळ आरपार दिसणारेच पाहत गेले. ढिगाच्या तळाशी एक मिळाला. वरून खरचटलेला, आखूड, आत टॉर्च मारला तर मधोमध सरळ नळी, तिला चहुबाजूंनी भोकं, आणि त्या भोकांमागे पोकळी. हलवला की आतून काळी राख पडत होती. "वो खाली हो गया है," रफिकभाई म्हणाले. "अंदर का माल जल गया. ले जाओ, ऐसेच ले जाओ." पहिला सायलेन्सर त्यांनी परत घेतला आणि हा जवळजवळ फुकटच दिला. आतला माल म्हणजे काय, हे पाहायला आम्ही तो रे रोडच्या वेल्डरकडे नेऊन टोकाशी कापला. भोकं पाडलेल्या नळीभोवती कधीकाळी काचेची लोकर गुंडाळलेली होती, तिचे करपलेले पुंजके कडेला चिकटलेले होते. मी ते बोटात धरून बघत बसले. बारीक आवाज भोकांतून या लोकरीत शिरत असणार आणि तिथेच मरत असणार. जाड आवाज मात्र तिला दाद न देता सरळ बाहेर निघून जात असणार. माझी खात्री नव्हती. पण असं असेल तर काय मजा आहे, एवढंच मला वाटत होतं.

काचेची लोकर कुठे मिळणार? तेव्हा परळमध्ये गिरण्यांच्या जागेवर काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. दादा तशाच एका इमारतीत पार्सलं द्यायचा. तिथे एसीच्या पत्र्यांना गुंडाळून उरलेली लोकर कचऱ्यात टाकलेली असायची. सुपरवायझरला विचारून त्याने एक पिशवी भरून आणली, पिवळी, मऊ, बुढ्ढी के बालसारखी. मी ओढणी तोंडाला बांधून ती नळीभोवती घट्ट गुंडाळली, वरून तारेची जाळी लावली, आणि वेल्डरने टोक परत जोडलं. ती लोकर दिसायला जितकी मऊ, तितकी अंगाला वाईट. रात्रभर माझे हात खाजत होते. आईने खोबरेल चोळलं तर अजूनच खाज. सकाळी उठले तर घसा बसलेला, तोंडातून आवाज निघे तो पुरुषासारखा घोगरा.

आणि नेमका तो रविवार होता. पटांगणात आमचं गोणपाट अंथरलेलं पाहून सेक्रेटरी आधीच येऊन उभे होते. दादाने त्यांना फक्त एवढं सांगितलं, "काका, एक मिनिट. विमलताईंना पटलं नाही तर मी आत्ता गाडी बाहेर काढतो." मग तो विमलताईंकडे गेला आणि म्हणाला, "ताई, बाळाला घेऊन दारात उभ्या राहता का? तो रडला तर मी हरलो." विमलताईंच्या कपाळाला आठ्या होत्या, पण त्या उभ्या राहिल्या.  लोकर सैल बसली असेल तर? माझं सगळं म्हणणंच चुकीचं असेल तर? दादाने किक मारली.

तो आवाज मी शब्दांत कसा सांगू? त्यात तडतड नव्हती, फुत्कार नव्हता. लांब कुठेतरी कोणी मोठ्या डग्ग्यावर तळवा टेकवून थाप मारावी तसा धुप, धुप, धुप. तो कानाला नाही, छातीला लागत होता. बाळाने डोळे मोठे केले, इकडे तिकडे पाहिलं आणि आजीच्या खांद्यावर डोकं टेकलं. विमलताई म्हणाल्या, "हे चालेल. हे तर अंगाईसारखं आहे." सेक्रेटरी काही न बोलता निघून गेले, म्हणजे त्यांचीही हरकत नव्हती. पण दादा आणि मी दोघंही वर बघत होतो. गॅलरीतली खुर्ची रिकामी होती.

बाबा जिन्यातून येत होते. चपला न घालता. ते गाडीपाशी आले, सायलेन्सरच्या वर हात धरला, न टेकवता, मग वाकून त्याच्याकडे निरखून पाहिलं. दादाने गाडी बंद केली. बाबांनी विचारलं, "आत काय घातलंय?"

दादा ओरडणार होता, पण मी जवळ होते. मला ओरडताच येत नव्हतं. मी त्यांच्या शेजारी वाकून त्या बसलेल्या घोगऱ्या आवाजात सावकाश म्हटलं, "काचेची लोकर आहे, बाबा. ती बारीक आवाज खाते."

"आणि जाड?"

"जाड बाहेर सोडते."

बाबांनी मान हलवली आणि पुन्हा सायलेन्सरकडे पाहिलं. दादा एकदम ताठ उभा राहिला. मलाही कळायला एक क्षण लागला. बाबांनी "हां हां" म्हटलं नव्हतं. त्यांनी प्रश्न विचारला होता, माझं उत्तर ऐकलं होतं आणि त्यावर दुसरा प्रश्न विचारला होता. मी काल जे पत्र्याच्या नळकांड्याला करून दिलं तेच माझ्या घशाला झालं होतं. इतकी वर्षं आम्ही सगळे मिळून आवाज वर वर चढवत होतो, बारीक करत होतो, आणि बाबांच्या कानातलं तेच दार बंद होतं.

"तुला कोणी शिकवलं हे?" बाबांनी विचारलं.

"कॉलेजात, बाबा. थोडं सरांनी, थोडं आम्हीच."

ते माझ्याकडे बघत राहिले. "कॉलेजात तर तू टायपिंग शिकतेस ना?"

दोन वर्षं मी रोज सकाळी त्यांच्यासमोरून ड्रॉइंगची गुंडाळी काखेत मारून जात होते. पहिल्या दिवशी घरात मोठ्याने सांगितलं होतं, पेढेही दिले होते, आणि ते "हां हां" म्हणाले होते. दादाने मान फिरवली आणि तो उगाच गोणपाटावरचे पाने गोळा करायला लागला. मी बाबांचा हात धरून त्यांना पायरीवर बसवलं, स्वतः शेजारी बसले.

"टायपिंग नाही बाबा," मी म्हटलं. "इंजिनं शिकते. यंत्रं."

"यंत्रं?"

"हो."

 ते अनवाणी पाय पायरीवर नीट जवळ घेऊन, विहारात बसतात तसे ताठ बसले आणि आपला कान माझ्या तोंडाकडे आणून म्हणाले, "सावकाश सांग. पहिल्या दिवसापासून सांग."